कळ कमरेतून पायात उतरते तेव्हा

मागच्या अंकात कंबरदुखीवर लिहिलं होतं आणि शेवटी सहज एक ओळ टाकली होती, की कळ कमरेत न राहता पायात उतरत असेल तर तो विषय वेगळा, त्यावर नंतर कधीतरी बोलू. त्या एका ओळीवर इतकी पत्रं आलीत की आता नंतर कधीतरी म्हणायची सोयच राहिली नाही. मालवणपासून दापोलीपर्यंतची पत्रं आहेत, कुणी सायटिका लिहिलंय, कुणी नस दबली, कुणी शीर आखडली, एका आजींनी तर नुसतं पायातलं दुखणं एवढंच. मी गेली १८ वर्षं इथे कोकणात फिजिओथेरपी करते आणि या दुखण्यात माणूस दुखण्यापेक्षा भीतीने जास्त खचलेला बघते, म्हणून यावेळचं अख्खं सदर याच विषयाला दिलंय. पत्रं थोडी छोटी केलीत, नावं काढून फक्त गावं ठेवलीत.

प्रश्नांकडे वळायच्या आधी एक गोष्ट, कारण ती कुणी शेवटी वाचावी असं मला वाटत नाही. जांघेच्या आत, लघवी-संडासच्या जागेभोवती, सायकलच्या सीटला अंगाचा जो भाग टेकतो तिथे बधिरपणा आला असेल, लघवी अडली असेल किंवा न कळत होत असेल, संडासवरचा ताबा गेला असेल, किंवा दोन्ही पायांतली ताकद एकदम जायला लागली असेल तर हे वाचणं सोडा आणि जिथे मणक्याचं ऑपरेशन होतं अशा हॉस्पिटलला आत्ता निघा. मणक्याच्या खालच्या टोकाला नसांचा झुबका असतो, तो चेपला की असं होतं आणि तिथे दिवस मोजायचे नसतात, तास मोजायचे असतात. आपल्याकडून गोव्यातलं बांबोळी काय किंवा कोल्हापूर काय, रस्ता लांबचा आहे, म्हणून सकाळी बघू असं म्हणू नका, रात्रीच गाडी काढा. हे फार थोड्या लोकांना होतं, पण ज्याला होतं त्याचा उशीर पुढे भरून निघत नाही.

प्रश्न (मालवण): ताई, मी बोटीवर खलाशी, वय ४१. मे महिन्याच्या शेवटी बर्फाचो टब उचलताना कमरेत सणक भरली, दोन दिवसांनी ती उजव्या पायात उतरली, आता ढुंगणापासून पायाच्या करंगळीपर्यंत वीज मारल्यासारखां होता. खोकलंय तरी कळ येता. एमआरआय काढलंय, त्यात गादी सरकली म्हणून लिवलेला असा. एकान सांगल्यान महिनाभर खाटेवरसून उठायचा नाय, दुसऱ्यान सांगल्यान ऑपरेशन. घरात मी एकटोच कमावतंय. खरां काय तां सांगा, नारळी पुनवेक माका दर्यार जावक गावतला काय?

उत्तर: दादा, तुमचा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा म्हणून त्याचं उत्तर आधी देते. बहुतेक गावतला. छापून वचन देता येत नाही, पण तुमच्यासारखी कळ बहुतेकांची ६ ते १२ आठवड्यांत बरीच उतरते, ऑपरेशन न करता उतरते, आणि पावसाळी मासेमारी बंदीचे हे दिवस नेमके तुमच्या उपयोगाला आलेत. दर्यावर गेलात तरी पहिले काही आठवडे टब आणि पेट्या दुसऱ्याने उचलायच्या, तुम्ही जाळ्याचं बसून करायचं काम घ्या, हे आत्ताच बोटीच्या मालकाशी बोलून ठेवा.

आता हे होतं काय ते समजून घ्या, कारण समजलं की भीती अर्धी होते. कमरेचे शेवटचे दोन मणके आणि त्याखालचं त्रिकास्थी इथून नसांची मुळं बाहेर पडतात आणि कुल्ल्यात एकत्र येऊन एक जाड नस होते, बोटाएवढी जाड, अख्ख्या शरीरातली सगळ्यात मोठी. ती कुल्ल्यातून मांडीच्या मागच्या बाजूने खाली उतरते, साधारण गुडघ्याच्या जरा वर तिचे दोन फाटे होतात आणि ते पार पावलापर्यंत जातात. ही सायटिक नस. दोन मणक्यांच्या मधे गादी असते, ती ताडगोळ्यासारखी समजा, बाहेर चिवट आवरण आणि आत लुसलुशीत गर. ती कधी सरकत वगैरे नाही, सरकली हा शब्द रूढ झालाय आणि त्या शब्दानेच माणूस घाबरतो, त्याला वाटतं आता कुणीतरी ती ढकलून जागेवर बसवायला पाहिजे. खरं म्हणजे आवरणाला चीर जाते आणि आतला गर बाहेर येऊन नसेच्या मुळाला टेकतो. नुसता टेकतो म्हणून नाही, तो गर नसेला झोंबतो, तिथे सूज येते, आणि ती सूज हे तुमच्या विजेचं मोठं कारण असतं. म्हणून तर दुखणं पायात आणि बिघाड कमरेत. पाय चोळून काही होत नाही ते यामुळेच. हे गादीचं प्रकरण डॉक्टरांनाही स्पष्ट कळलं ते १९३४ साली, अमेरिकेत बॉस्टनच्या मिक्स्टर आणि बार या दोन सर्जननी दाखवून दिलं तेव्हा.

आणि आता चांगली गोष्ट, जी रिपोर्ट हातात देताना बहुतेक वेळा कुणी सांगत नाही. बाहेर आलेला हा गर शरीर स्वतः जिरवतं. गर जितका जास्त बाहेर आलेला, अगदी तुकडा सुटलेला असला तर तो जिरण्याची शक्यता उलट जास्त असते, नुसत्या फुगलेल्या गादीपेक्षा कितीतरी जास्त. रिपोर्टमधे मोठा शब्द दिसला म्हणजे आजार मोठा असं नाही. शिवाय ज्यांना काहीच दुखत नाही अशा माणसांचे हजारो स्कॅन एकत्र करून २०१५ साली बघितलं गेलं, तर विशीतल्या लोकांत शंभरातल्या ३० जणांची गादी फुगलेली निघाली आणि ऐंशीच्या लोकांत ८४ जणांची. केस पिकतात तशा गाद्याही पिकतात. त्यामुळे फिल्मपेक्षा पाय बघायचा. तुमची कळ करंगळीकडे जाते म्हणजे बहुतेक सगळ्यात खालच्या गादीचं काम दिसतंय, तेव्हा भिंतीला हात लावून त्या एका पायाच्या चवड्यावर उभं राहता येतं का बघा, दुसऱ्या पायाने जितकं जमतं तितकं या पायाने जमतं का. जमत असेल तर नस दुखते आहे पण काम करते आहे. रोज सकाळी हे एकदा बघायचं. दुखणं किती यापेक्षा ताकद किती ही तुमची खूण. ताकद कमी व्हायला लागली तर थांबायचं नाही.

महिनाभर खाटेवर पडून राहणं मला मान्य नाही आणि हे नुसतं माझं मत नाही. हॉलंडमधे १८३ सायटिकाच्या पेशंटचे दोन गट करून एका गटाला दोन आठवडे अंथरुणात ठेवलं, दुसऱ्यांना जमेल तसं वावरायला सांगितलं, आणि १२ आठवड्यांनी दोन्ही गटांत शंभरातले ८७ जण सुधारलेले होते, म्हणजे पडून राहण्याचा फायदा काहीच नाही. १९९९ साली ते छापून आलंय. पडून राहिलात तर स्नायू ढिले पडतात, संडास घट्ट होते, जोर करावा लागतो आणि जोर केला की कळ अजून वाढते, आणि मन खचतं ते वेगळंच. पहिले दोन-तीन दिवस असह्य असेल तेव्हा आडवं व्हा, पाठीवर झोपून पोटऱ्या खुर्चीवर ठेवा किंवा कुशीवर झोपून दोन गुडघ्यांच्या मधे उशी घ्या, जे सोसेल ते. मग उठायचं. आधी खळ्यात चार फेऱ्या, मग घरापासून रस्त्यापर्यंत, मग तिठ्यापर्यंत, दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं. चालताना थोडं दुखणार, दुखलं म्हणजे नस तुटत नाहीये.

व्यायामात तुम्हाला एकच सांगते, बाकीचं जवळच्या फिजिओकडून तपासून घ्या. पालथं झोपा, दोन मिनिटं नुसतं. सोसलं तर कोपरांवर वर या. आता लक्ष पावलाकडे ठेवा, पावलातली कळ वर सरकत पोटरीत, मग मांडीत, मग कमरेत येत असेल तर कंबर थोडी जास्त दुखली तरी चालेल, ती चांगली खूण आहे, हेच करत रहा. उलट कळ खाली खाली जात असेल तर हा व्यायाम तुमचा नाही, लगेच बंद.

प्रश्न (राजापूर तालुका): लावणीला चार दिवस सलग वाकले आणि कमरेत उसण भरली, डाव्या पायात पण जाते. सासूबाई म्हणतात शेजारच्या वाडीत एकजण पायाळू आहे त्याच्याकडून लाथ मारून घे, आमच्याकडे सगळे तेच करतात. निगडीच्या पाल्याने शेकते आहे. करू का लाथेचं?

उत्तर: वहिनी, आधी मला सांगा पायात म्हणजे कुठपर्यंत. उसण म्हणजे कमरेचा स्नायू आखडून धरतो तो प्रकार, त्यात कुल्ल्यापर्यंत, फार तर मांडीच्या वरच्या भागापर्यंत ठणकतं आणि पाच-सात दिवसांत आपोआप सुटतं. म्हणूनच पायाळू माणसाच्या लाथेने गुण येतो असं पिढ्यान्‌पिढ्या वाटत आलंय, लाथ मारली नसती तरी ती उसण सुटलीच असती. सासूबाई तुमच्या काळजीनेच सांगतायत, त्यांच्याशी वाद घालू नका. पण कळ गुडघ्याच्या खाली जात असेल, मुंग्या येत असतील, खोकताना-शिंकताना पायात सणक जात असेल तर ती उसण नाही, ती नस आहे, आणि मग त्या कमरेवर कुणाचीही लाथ नको, गुडघा नको, मुलाला पाठीवर उभं करून चालवणं नको आणि हाडवैद्याचा झटका तर नकोच नको. डाग देणं तर अजिबात नाही, मी भाजलेल्या पोटऱ्या बघितल्यात आणि आतली नस जशीच्या तशी दुखत असते.

निगडीच्या पाल्याचा शेक घ्या की, ऊबेने आखडलेला स्नायू सैल होतो आणि बरं वाटतं. फक्त पाय बधिर असेल तर त्या पायावर गरम काही ठेवू नका कारण चटका बसलेला कळत नाही, डायबेटिस असेल तर दुप्पट जपा. आयुर्वेदात या दुखण्याला गृध्रसी म्हणतात, गृध्र म्हणजे गिधाड, पाय ओढत चालणं तसं दिसतं म्हणून, आणि जुन्या ग्रंथांत कळ कुल्ल्यातून मांडी, गुडघा, पोटरी करत पावलात कशी उतरते त्याचा क्रमसुद्धा दिलाय, इतकं ते निरीक्षण बारीक आहे. शिकलेल्या वैद्याकडे जाऊन औषध घ्यायला माझी हरकत नाही. हरकत आहे ती बाजारात मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांना, ज्या घेतल्या की दुसऱ्या दिवशी माणूस पळायला लागतो. अशा काही पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं असतं. साखर वाढते, चेहरा सुजतो, हाडं ठिसूळ होतात आणि कारण कळायला वर्षं जातात.

लावणी थांबणार नाही हे मला माहीत आहे. तरव्याच्या मुठी तुम्ही स्वतः वाकून उचलू नका, कुणाला तरी हातात द्यायला सांगा, गुडघे ताठ ठेवून वाकू नका, थोडे मोडा, आणि दर वीसेक मिनिटांनी बांधावर येऊन सरळ उभं राहून कमरेवर हात ठेवून पाच-सहा वेळा मागे वाका. घरी आल्यावर लगेच विळीवर नारळ खोवायला जमिनीवर बसू नका, या महिन्यात खोवणी ओट्यावर घ्या, आणि हंडा भरून आणायचं काम घरातल्या दुसऱ्या कुणीतरी करायला पाहिजे हे माझ्या नावाने घरात वाचून दाखवा.

प्रश्न (खेड): रिक्षा चालवतो, वय ३६. वर्षभर डाव्या पायाचा त्रास. दुखलं की इंजेक्शन मारतो, आठवड्यातून एक तरी. पट्टा कायम बांधलेला. चार महिने प्रिगॅबालिनची गोळी चालू आहे, दिवसभर झोप येते. फरक पडत नाही.

उत्तर: भाऊ, झोप येत असताना तुम्ही हायवेवर माणसं घेऊन रिक्षा चालवताय, आधी ते थांबलं पाहिजे. ही गोळी झोप आणते आणि सायटिकाला तिचा उपयोग आहे का हे ऑस्ट्रेलियात २०९ पेशंटवर तपासलं गेलं, २०१७ साली, तर नुसत्या साखरेच्या गोळीपेक्षा काहीच जास्त आराम पडला नाही, चक्कर मात्र जास्त जणांना आली. त्यानंतर ब्रिटनच्या सरकारी मार्गदर्शक सूचनांत सायटिकासाठी ही गोळी देऊ नका असं स्पष्ट आलंय. पण उद्यापासून एकदम बंद करू नका, चार महिन्यांची सवय आहे, ज्यांनी दिली त्या डॉक्टरांकडे जाऊन डोस हळूहळू उतरवून मगच सोडा.

दर आठवड्याचं इंजेक्शन बहुतेक डायक्लोफेनॅकचं असणार. ते दोन-चार दिवसांच्या कळीसाठी ठीक, वर्षभर घ्यायचं औषध ते नव्हे. किडनी आणि पोट दोन्ही पोळतात, त्यात तुम्ही उन्हात दिवसभर पाणी न पिता गाडीवर, म्हणजे किडनीवर अजून भार. पुढच्या आठवड्यात रक्तातलं क्रिएटिनिन आणि बीपी तपासून घ्या, हे आळस न करता. पट्ट्याने सायटिका बरा होत नाही, कायम बांधला तर कंबर त्याच्यावर रेलायला शिकते. आणि ट्रॅक्शनबद्दल पण सांगते, म्हणजे वजन लावून कंबर ओढणं, मी स्वतः सुरवातीची वर्षं ते मनापासून द्यायचे, पेशंटला तेवढ्यापुरतं हलकं वाटायचं. पुढे अभ्यास वाचत गेले तसं लक्षात आलं की महिन्याभराने ट्रॅक्शन घेतलेला आणि न घेतलेला सारखेच असतात, म्हणून मी ते बंद केलं. तुम्ही त्याच्यावर पैसे घालवू नका.

आता मागच्या खिशातलं पाकीट काढा. खरंच काढा, मी वाचताना डोळ्यासमोर बघते आहे. कुल्ल्यात एक स्नायू असतो ज्याच्या खालून ही नस जाते, जाड पाकिटावर दिवसाचे दहा तास बसलं तर तिथेच नस चेपली जाऊ शकते आणि कमरेची गादी चांगली असली तरी पायात कळ येते. तपासणाऱ्याला कुल्ल्यात दाबून बघायला सांगा. अर्ध्या-पाऊण तासाने स्टॅंडवर गाडीतून उतरायचं, भाडं नसलं तरी उतरायचं, शंभर पावलं. आणि एक सोपा व्यायाम, खुर्चीवर बसून डावा गुडघा सरळ करताना मान वर छताकडे, गुडघा परत मोडताना हनुवटी छातीकडे, हळूहळू दहा वेळा, दिवसातून तीनदा. याने नस आपल्या वाटेत पुढेमागे सरकते. ताणून धरून ठेवायचं नाही, चिडलेली नस ताणली की जास्त चिडते. तंबाखू, सिगारेट असेल तर तेही कमी करा, सिगारेट ओढणाऱ्यांच्या गाद्या लवकर झिजतात. वर्ष झालं आहे म्हणून एकदा मणक्याच्या डॉक्टरांना दाखवाच.

प्रश्न (दापोलीजवळ): वय ७१. आमचं घर पाखाडीच्या वर आहे. देवळात जाताना उतरतो तेव्हा दोन्ही पोटऱ्या भरून येतात, जड होतात, थांबावं लागतं, परत वर चढताना तेवढं होत नाही. सगळे म्हणतात उलटं कसं सांगताय. नातवाने मोबाइलवर सायटिकाचे व्यायाम दाखवले, पालथं झोपून मागे वाकायचे, त्याने वाढलं.

उत्तर: काका, तुम्ही अजिबात उलटं सांगत नाही आहात, तुम्ही इतकं नेमकं लिहिलंय की या एका वाक्यावरून निम्मं निदान होतं. उतरताना आपण नकळत मागे रेलतो आणि कमरेतली नसांची वाट अरुंद होते, चढताना पुढे झुकतो आणि ती वाट थोडी उघडते. वयाप्रमाणे हाडं आणि आतली आवरणं जाड होऊन ती वाट अरुंद झालेली असते, त्यामुळे सरळ ताठ चाललं की पाय भरून येतात आणि बसलं किंवा वाकलं की पाच मिनिटांत मोकळे होतात. म्हणूनच मालवणच्या दादांना वर मी जो पालथा व्यायाम सांगितलाय तो तुम्हाला नको, तुम्हाला त्याच्या बरोबर उलटा, पाठीवर झोपून एकेक गुडघा हळूच छातीकडे. नाव एकच सायटिका पण दोघांचं औषध उलट, आणि मोबाइलवरच्या व्हिडिओला तुमचं वय दिसत नसतं. तुमच्या नातवाला मात्र शाबासकी द्या, आजोबांसाठी त्याने शोधलं तरी.

पाखाडी उतरताना काठी घ्या, किंचित पुढे झुकून चाला, मधल्या गडग्यावर बसा, त्यात कमीपणा नाही. सायकल येत असेल तर सपाटीवर चालवून बघा, बऱ्याच जणांना चालवत नाही पण सायकल तासभर चालते. एक तपासणी मात्र राहू देऊ नका, पावलावरची नाडी. पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या तरी चालताना पोटऱ्या भरतात, फक्त त्यात नुसतं उभं राहिलं तरी बरं वाटतं, वाकायची-बसायची गरज लागत नाही, आणि तिथे चढावर त्रास जास्त होतो. आधी कधी बिडी ओढत असाल किंवा साखर असेल तर हे नक्की बघून घ्या. आणि या वयात रात्री आडवं पडूनही न थांबणारं दुखणं, ताप, उतरत चाललेलं वजन, यातलं काही असेल तर व्यायाम बाजूला ठेवून आधी रक्त आणि फोटो, कारण मणक्याचा टीबी आपल्याकडे अजून आहे.

प्रश्न (गुहागर): मिस्टरांचा पाय महिन्याभरापूर्वी फार दुखत होता, आता दुखणं गेलं, पण चालताना उजव्या पायातली चप्पल निसटून मागे राहते आणि त्यांना कळतही नाही. ते म्हणतात बरं झालंय, काही करायला नको.

उत्तर: ताई, बरं झालेलं नाही. दुखणं गेलं आणि ताकद गेली हे सगळ्यात फसवं असतं, नसेने ओरडणं थांबवलं म्हणजे ती सुधारली असं नव्हे. त्यांना टाचांवर चालून दाखवायला सांगा, उजवा चवडा आणि अंगठा वर उचलता येतो का बघा. येत नसेल तर उद्याच मणक्याच्या सर्जनला दाखवा, पुढच्या महिन्यात नाही. डायबेटिस असेल तर चप्पल निसटायचं कारण ते पण असू शकतं, पण ते तपासून ठरवायचं, घरात बसून नाही. तोपर्यंत मागे पट्टा असलेली सॅंडल घालायला द्या, पावसात चिऱ्याच्या पायऱ्या शेवाळलेल्या असतात.

प्रश्न (चिपळूण): मुलगी बाळंतपणाला आलीय, सातवा महिना, कुल्ल्यातून पायात कळ जाते. गोळी देऊ का?

उत्तर: मेडिकलमधून आणून दुखण्याची कुठलीच गोळी देऊ नका, या महिन्यांत काही गोळ्या बाळाला बाधतात, तिच्या डॉक्टरांना विचारूनच. या दिवसांत जी कळ येते ती पुष्कळ वेळा नसेची नसतेच, कमरेच्या मागच्या सांध्यांची असते, आणि बाळंतपणानंतर बहुतेकींची जाते. कुशीवर झोपवा, गुडघ्यांमधे जाड उशी, कुशी बदलताना दोन्ही गुडघे एकत्र ठेवून वळायचं. जमिनीवर गोधडी घालून झोपत असेल तर तिला खाट द्या. सुरवातीला सांगितलेला बधिरपणा किंवा लघवीचा त्रास दिसला तर बाळंतपण होईपर्यंत थांबायचं नाही.

प्रश्न (देवगड): आमच्या ह्यांना आंब्याच्या पेट्या उचलून सायटिका झाला, अडीच महिने झाले, थोडंसुद्धा कमी नाही, रात्र रात्र बसून काढतात. मुंबईचा मुलगा म्हणतो ऑपरेशन करून टाकू, इथे सगळे म्हणतात मणक्याला हात लावला की माणूस कायमचा झोपतो. काय करावं?

उत्तर: वहिनी, तुमच्या पत्राला मी सगळ्यात जास्त वेळ घेतला. वर बऱ्याच जणांना मी थांबा म्हटलंय, पण ६ आठवडे नीट हालचाल, औषध, व्यायाम करूनही रात्री बसून काढाव्या लागत असतील तर नुसतं थांबा म्हणणं हा त्यांच्यावर अन्याय आहे. हॉलंडमधेच २००७ साली एक अभ्यास आला, तुमच्या मिस्टरांसारखेच दीड ते तीन महिने जोरात दुखणारे २८३ पेशंट. निम्म्यांचं लवकर ऑपरेशन केलं, निम्म्यांना थांबून उपचार दिले. वर्षाने बघितलं तर दोन्हीकडे शंभरातले ९५ बरे. म्हणजे मुक्कामाला दोघंही पोचतात, ऑपरेशनवाला लवकर पोचतो, त्याची पायातली कळ काही आठवड्यांतच जाते. आणि थांबलेल्यांतल्या शंभरातल्या ३९ जणांनी पुढे दुखणं सोसेना म्हणून ऑपरेशन करून घेतलंच. तेव्हा करणं चूक नाही आणि न करणंही चूक नाही, ताकद जात नसेल तोपर्यंत हा निर्णय ज्याचा पाय दुखतो त्याचा असतो, मुलाचाही नाही आणि वाडीतल्या लोकांचाही नाही.

मणक्याला हात लावला की माणूस झोपतो ही भीती कुठून येते ते मला कळतं, प्रत्येक गावात एखादं तसं उदाहरण सांगितलं जातं. पण आज हे ऑपरेशन दुर्बिणीखाली छोट्या चिरेतून करतात, नसेवर टेकलेला तुकडा काढतात, आणि बहुतेक जण दुसऱ्या दिवसापर्यंत चालवले जातात. धोका शून्य नाही, जंतुसंसर्ग होऊ शकतो, क्वचित नसेला इजा होते, आणि शंभरातल्या पाच-दहा जणांना त्याच जागी पुन्हा गर बाहेर येतो. ऑपरेशनने पायातली कळ जाते, कमरेतलं जुनं दुखणं जाईलच असं नाही, हे आधी विचारून घ्या म्हणजे नंतर फसवलं गेल्यासारखं वाटत नाही. मधला एक पर्याय म्हणजे नसेच्या मुळाशी स्टेरॉइडचं इंजेक्शन, त्याने काहींना काही आठवडे आराम मिळतो, रात्रीची झोप परत येते आणि तेवढ्या वेळात शरीर आपलं काम करतं. कायमचा इलाज म्हणून ते घेऊ नका.

डॉक्टरांकडे जाल तेव्हा रिपोर्ट पुढे सरकवायच्या आधी मिस्टरांना स्वतःच्या तोंडाने सांगू दे की कळ कुठून कुठे जाते, कशाने वाढते, आणि पाय तपासल्याशिवाय नुसती फिल्म बघून ऑपरेशनची तारीख देत असतील तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. फिल्ममधली गादी आणि पायातली कळ एकाच बाजूची, एकाच नसेची आहे का, हा प्रश्न विचारायचाच. ऑपरेशन झालं तर पुढचे दोन महिने पेट्या नाहीत, मग हळूहळू, आणि पुढच्या हंगामात पेटी जमिनीवर न ठेवता कमरेएवढ्या फळीवर रचायला सांगा, म्हणजे वाकून उचलायलाच लागणार नाही. तुम्ही स्वतः किती रात्री झोपला नाहीत ते तुम्ही लिहिलं नाहीये. आठवड्यातल्या दोन रात्री तरी घरातलं दुसरं कुणीतरी त्यांच्याजवळ बसू दे.